वाघबीळच्या चढाला हचके खाऊन बंद पडणारी पद्मिनी: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

आधी लक्षणं सांगतो. जुळली तर पुढं वाचा.

सकाळी गार इंजिनवर गाडी चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते. कोल्हापुरात राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत कितीही फिरवा, तक्रार नाही. रंकाळ्याला चक्कर मारून आणा, तरी गुणी लेकरासारखी चालते. मग एखाद्या रविवारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्याला निघायचं. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली मागं पडली, वाघबीळचा चढ लागला की गाडी दम टाकायला लागते. दोन-चार हचके. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मरते, जरा सोडला की थोडी सावरते. कडेला घेईपर्यंत गपगार. पुढं कितीही सेल्फ मारा, नुसतं घर्र घर्र. पाहुणे उतरून फोटो काढतात, आपण बॉनेट उघडून शहाण्यासारखं आत बघत उभं राहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी एका सेल्फात सुरू होते आणि घरापर्यंत निमूट येते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं न्यावी, तर तिथं एकदम ठणठणीत.

आमच्याकडं वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या बारा वर्षांत हा दोष आमच्या गाडीत चार वेळा आला. मित्रांच्या दोन पद्मिनींत आणि एका अॅम्बेसेडरमध्ये मी तो शोधून दिला. एकूण सात वेळा. कारणं मी गाडीच्या वहीत लिहून ठेवली आहेत: टाकीचं झाकण एकदा, हवा ओढणारा रबरी पाईप दोनदा, टाकीतला गंज दोनदा, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) एकदा आणि एकदा तर पेट्रोलचा काही संबंधच नव्हता. सातही वेळा कुणी ना कुणी मात्र एकच सांगितलं होतं, "पंप गेलाय, बदलून टाका." पहिल्यांदा मी ऐकलं. नवा पंप आणला, जुना भंगारात दिला. गाडी पुढच्या रविवारी त्याच वळणावर त्याच पद्धतीनं बंद पडली. भंगारात गेलेला पंप चांगला होता, आणि त्याच्याइतका टिकाऊ पंप मला पुन्हा मिळाला नाही.

तेव्हापासून एक नियम केला. येऊन-जाऊन असणारा दोष घरी, गार गाडीवर शोधायचा नाही. तो जिथं येतो तिथंच, गाडी बंद पडलेली असताना पकडायचा. गार झाल्यावर पुरावा राहत नाही. म्हणून खालच्या पहिल्या तपासण्या रस्त्याच्या कडेला करायच्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

पेट्रोल आहे का, आणि दोष खरंच पेट्रोलचा आहे का

जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे ठेवतात. टाकीत पेट्रोल कमी असलं तर चढाला ते मागं सरकतं आणि ओढून घेणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडू शकतं. सपाटीला हीच गाडी व्यवस्थित चालते. त्यामुळं शोधाशोध सुरू करण्याआधी टाकी अर्धी तरी भरा. एवढ्यानं दोष गेला तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता बंद पडण्याची तऱ्हा आठवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरते, हचके खात, मध्येच सावरत. स्पार्क गेला तर कुणी दिवा मालवल्यासारखी फटकन बंद होते. हा फरक शंभर टक्के खरा नाही, पण दिशा दाखवतो.

पक्की तपासणी अशी. गाडी बंद पडल्या पडल्या, हवा खात उभं न राहता, एअर क्लीनर काढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरची दांडी हातानं झटकन हलवा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडताना दिसली, तर वाटीत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या कप्प्यात) पेट्रोल आहे आणि दोष बहुधा दुसरीकडं आहे. चिळकांडी नाही किंवा नुसता थेंब आला, तर वाटी रिकामी आहे. पेट्रोल तिथवर पोचतच नाही. या एका बघण्यानं निम्मं काम होतं, कारण दोष कार्ब्युरेटरच्या अलीकडं आहे की पलीकडं हे लगेच ठरतं. हे करताना सेल्फ कुणी मारायचा नाही आणि तोंडात बिडी-सिगारेट असलेल्या मदतनीसाला लांब उभं करायचं. घाटात मदतीला येणारा प्रत्येक माणूस सिगारेट ओढतच येतो, असा माझा अनुभव आहे.

चालू गाडीत आणखी एक खूण मिळते. हचके सुरू झाले की चोक थोडासा ओढा. गाडी सावरली तर तिला पेट्रोल कमी मिळतंय. आणखी बिघडली, धूर काळा झाला, तर उलट जास्त पेट्रोल येतंय. मग ही पोस्ट सोडा आणि फ्लोट-निडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बघा.

चिळकांडी चांगली आणि तरी गाडी सुरू होत नसेल तर कॉइलला हात लावून तापलीय का बघा, जपून. कंडेन्सर आणि कॉइल हे स्पार्कच्या बाजूचे भाग तापल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर साळसूद होतात, अगदी पेट्रोलच्या दोषासारखं. आमच्या एका मित्राच्या पद्मिनीत तीन महिने आम्ही पेट्रोलची लाइन उलटीपालटी केली. निघाला कंडेन्सर, म्हणजे सगळ्या गाडीतला जवळजवळ सगळ्यात स्वस्त भाग. म्हणून डिकीत जुना पण चालता कंडेन्सर असू द्या.

टाकीचं झाकण

वाटी रिकामी निघाली की मी आधी डिकीकडं जातो, बॉनेटकडं नाही. टाकीचं झाकण हळू फिरवा आणि कान द्या. "फस्स" करून हवा आत शिरली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर चोर सापडला.

कारण साधं आहे. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती झाकणाच्या बारीक भोकातून किंवा श्वासनळीतून येते. भोक धुळीनं बुजलं, किंवा कुणी दुसऱ्याच गाडीचं बिनभोकाचं झाकण बसवलं, तर टाकीत पोकळी तयार होते. पंप ओढतोय आणि टाकी सोडत नाही, असली रस्सीखेच सुरू होते. गावात हळू चालवताना पेट्रोल कमी लागतं, म्हणून कळत नाही. चढाला मागणी वाढली की पंप हरतो. गाडी थांबली की हवा हळूहळू शिरते आणि सगळं आपोआप बरं होतं.

खात्रीसाठी झाकण ढिलं ठेवून तोच चढ पुन्हा चढा. टाकी गच्च भरलेली असताना मात्र हे करू नका, वळणावर पेट्रोल सांडेल. आमच्या गाडीला वर्षभर ज्या झाकणानं छळलं, ते मीच जुन्या बाजारातून मोठ्या हौसेनं आणलं होतं. चकचकीत क्रोम, आणि भोक नाही.

फिल्टर

पंपाच्या आधी पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर नसेल तर आजच बसवा. चार माणसांच्या चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. असेल तर काढून पांढऱ्या कागदावर उलटा झटका. काय पडतं ते महत्त्वाचं आहे. तांबूस पूड म्हणजे टाकीतला गंज. काळे चुरमुरे तुकडे म्हणजे रबरी पाईप आतून झडतोय. तळाशी पाण्याचा वेगळा गोळा हलताना दिसला, तर टाकीत पाणी आहे. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी ही खूण विसरू नये. तेव्हा इंजिन उघडून साफ केलं, सीटा बदलल्या, टाकीकडं कुणी बघितलंच नाही, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत.

फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरू नका, तो पुष्कळदा तसाच असतो. नवा बसवताना त्याच्यावरचा बाण पेट्रोल ज्या दिशेनं जातं त्या दिशेनं हवा. आणि एका फिल्टरनं भागत असताना दोन बसवू नका. घाण दुप्पट अडत नाही, पंपाचा त्रास मात्र दुप्पट होतो.

नवा फिल्टर घातल्यावर गाडी चार दिवस चालली आणि परत तेच, असं झालं तर दोष फिल्टरमध्ये नव्हता. घाण मागून येतेय. टाकीचा मुद्दा खाली आहे.

रबरी पाईप: इथं जरा थांबा

माझ्या मते हल्ली सगळ्यात जास्त गाड्या यानंच बंद पडतात, आणि इथंच सगळ्यात कमी लोक बघतात.

टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप हा ओढणारा पाईप आहे. त्याला चीर पडली तर गाडी चालू असताना तो पेट्रोल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. म्हणजे खाली डाग नाही, वास नाही, ओल नाही, आणि तरी पंपाला पेट्रोलऐवजी फेस मिळतोय. "कुठंच लीक नाही" म्हणून मिस्त्री पुढं जातो. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाईप मात्र दाबाखाली असतो, तो फुटला की बाहेर गळतो. ते दिसतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

ओढणारा पाईप तपासायचा तर जोडाजवळ बोटानं वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या, कडक झाला असेल किंवा उलट फुगून लिबलिबीत झाला असेल, तर बदला. दिसायला चांगला पाईपसुद्धा आतून सुटलेला असू शकतो. आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं: हळू चालवताना पेट्रोल जातं, जोरात ओढलं की वाट बंद. मी काढलेला एक पाईप बाहेरून नवा वाटत होता, उभा चिरला तर आत अस्तराची जीभ लोंबत होती.

हे आताच का वाढलं? पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं. २०२२ च्या मध्यापर्यंत देशात दहा टक्के मिश्रण झालं, २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आता तेच सगळीकडं मिळतं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. तिच्या काळच्या रबराला इथेनॉलची सवय नाही, ते फुगतं, मऊ होतं, झडतं. आमच्या जिल्ह्यात उसाला भाव मिळतो, कारखान्यातून इथेनॉल निघतं, म्हणून तक्रार करायची सोय नाही. आपल्याच फडातला ऊस आपल्याच गाडीचा पाईप खातो, एवढंच.

त्यामुळं पाईप बदलताना दुकानात "पेट्रोल पाईप द्या" म्हणून मीटरवर मिळेल तो आणू नका. पाईपवर छापलेलं वाचा. एसएई ३० आर ९ (SAE 30R9) असं असेल तर आतलं अस्तर इथेनॉलला टिकणारं असतं. महाग पडतो, पण पुऱ्या गाडीला लागतो दोन-अडीच हात. पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरूच नका, ती उन्हाळ्यात मऊ होते आणि थंडीत कडक होऊन निसटते. तारेनं बांधलेले जोड काढा, नव्या क्लिपा घाला. पाईप एकदम सगळे बदला, पण त्याच दिवशी दुसरं काही बदलू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

वाफ धरणं

एप्रिल-मे मधली दुपार, घाट, गाडीत पाच माणसं. पंप आणि त्याच्या जवळची नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पदार्थ ढकलायला केलेला आहे, वाफ त्याला ढकलता येत नाही. थोडं इथेनॉल मिसळलं की पेट्रोल आणखी लवकर उडतं, म्हणून हा त्रास पूर्वीपेक्षा जास्त.

ओळखायला ओला पंचा पुरतो. गाडी बंद पडली की पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी मात्र ओतू नका. दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तर वाफच होती. मग नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग असतं, ते जागेवर आहे का बघा. ते काढून नुसतं कागदी पॅकिंग घातलेलं असतं पुष्कळदा. आणि याच्या उलट, शहाणपणा करून दोन-तीन पॅकिंगं एकावर एक लावली, तर पंप लांब सरकतो, त्याची आतली हालचाल अपुरी होते आणि पेट्रोल आणखी कमी येतं.

पण सगळंच वाफेवर ढकलू नका. पावसाळ्यात, गार हवेत गाडी बंद पडत असेल तर वाफ नाही.

पंप

आता कुठं पंपाची पाळी. आधी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा ऑइलची पातळी न भरताच वर चढलेली दिसली, तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये जातंय. इथं थांबा. गाडी सुरू करू नका, चालवत मिस्त्रीकडं नेऊ नका, ओढून न्या. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात, आणि मग विषय हजारातून लाखात जातो. पंप दुरुस्त झाल्यावर ऑइलही बदलायचं.

वास नसेल तर पंपाचं वरचं झाकण उघडून आतली जाळी साफ करा आणि झाकणाचं पॅकिंग बघा. तेही हवा घेतं. मग प्रवाह तपासा. इंजिन गार असू द्या. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. मधली जाड वायर उपटून नुसती लोंबकळत ठेवली तर ती बॉडीवर ठिणगी टाकते, आणि शेजारी पेट्रोल आहे. कार्ब्युरेटरकडचा पाईप काढून त्याला हातभर जादा पाईप जोडा, तोंड बाटलीत सोडा, दुसऱ्या माणसाला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. दर धडक्याला भरदार पिचकारी यायला हवी. बारीक धार, थेंब किंवा फेस आला तर लगेच पंपाला दोष देऊ नका. पंपाचा ओढणारा पाईप काढून स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात घाला आणि तीच तपासणी परत करा. आता धार भरदार झाली तर पंप चांगला आहे, दोष मागं टाकीकडं आहे. तरीही बारीकच आली तर पंप गेला. भंगारात दिलेल्या पंपाची ही चाचणी मी केली असती तर तो आजही चालत असता.

टाकी, आणि शेवटी कार्ब्युरेटर

टाकीच्या घाणीची खूण ओळखू येते. गाडी बंद पडली, कुणीतरी पाईप काढून टाकीकडं फुंकर मारली, "बुडबुड" आवाज आला, गाडी पळायला लागली. वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा बंद. तळाचा कचरा नळीच्या तोंडाशी येऊन बसतो, फुंकरीनं उडतो, परत येतो. फुंकर म्हणजे औषध नव्हे, निदान आहे. तोंडानं पेट्रोल ओढायचं मात्र नाही, कुणी कितीही वर्षं करत आलेलं असू दे. फुंकायला हातपंप वापरा. टाकीचं झाकण आधी उघडा.

टाकी उतरवून धुणं हे घरचं काम नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. घरी डाग देणं, ग्राइंडर लावणं, गरम करणं, काहीही नको. उद्यमनगराच्या बाजूला टाक्या धुऊन, गंज काढून, डाग देणारे कारागीर आहेत. आधी वाफ घालवल्याशिवाय जो टाकीला आग लावायला निघेल, त्याच्याकडून टाकी परत घेऊन या.

कार्ब्युरेटरचं थोडक्यात. बाटलीत धार भरदार येते आणि तरी वाटी रिकामी राहते, तेव्हाच तिथं जायचं. निडल अडकते, तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती भरते, किंवा मेन जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) कण बसतो. जेट हवेनं फुंका, तारेनं टोकरू नका. भोक केसभर मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं. थ्रॉटलची दांडी हातानं डुगडुगत असेल तर बूश झिजलेत. ते लेथवाल्याचं काम आहे, तुमचं-माझं नाही.

आणखी तीन ठिकाणी मी स्वतः हात लावत नाही. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकताना दिसलं तर गाडी बंद, बॅटरीची वायर काढायची, माणसं लांब. नवा पंप बसवूनही धार बारीकच असेल तर पंप हलवणारा कॅमचा भाग झिजलेला असू शकतो, त्याला इंजिन जाणणारा माणूस लागतो. आणि "इलेक्ट्रिक पंप टाकून देतो, विषय संपला" असं कुणी म्हणालं, तर अपघातात इंजिन बंद पडल्यावर तो पंप आपोआप थांबेल अशी सोय करणार का, एवढं विचारा. उत्तर नीट आलं नाही तर नको म्हणा.

मिस्त्रीकडं जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. चिठ्ठीवर लिहून द्या: किती किलोमीटरनंतर, चढाला की सपाटीला, टाकी किती भरलेली, चिळकांडी उडत होती का, झाकण उघडल्यावर काय झालं, बाटलीत धार कशी आली. आणि गाडी परत घेताना कामाची खात्री गॅरेजच्या दारात करायची नाही. मिस्त्रीला शेजारी बसवा आणि वाघबीळपर्यंत जाऊन या.